परतीची तार

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागचा हिरवा जॅक सहसा कुरकुरत नाही. स्पीकरची पिन एकदा त्यात बसली की वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही. पुढच्या जॅकचं नशीब वेगळं. दिवसभर पिन आत-बाहेर होते, खुर्ची सरकली की वायर ओढली जाते, लहान पोरं काडी घालून बघतात. सगळ्यात जास्त झिजणारी जागा ही, आणि कॅबिनेट बनवणारे तिच्या वाट्याला देतात नखाएवढी सर्किटची पट्टी अन् चार बारीक तारा. कॉम्प्युटर जोडतानाही ही वायर शेवटी हातात येते. प्रोसेसर बसला, रॅम बसली, पडद्यावर उजेड आला की जोडणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि खाली कोपऱ्यात लोंबणाऱ्या त्या वायरीकडं बघायचं राहून जातं. मला मात्र घरच्या कॉम्प्युटरमधली हीच जागा सगळ्यात जवळची वाटते. बाकी सगळा डबा आपापसात बोलत असतो. इथं तो माणसाच्या कानाशी बोलतो.

लातूरला ताईच्या घरी असा एक कॉम्प्युटर आहे, भाचीनं स्वतः जोडलेला. कॅबिनेट माझ्याकडचं जुनं, नांदेडहून एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत गेलेलं. बोर्ड आणि प्रोसेसर सेकंडहँड. ती नीटची तयारी करते. क्लासहून आल्यावर रेकॉर्ड केलेली लेक्चरं रात्री ऐकायची, आणि ज्या खोलीत टेबल आहे त्याच खोलीत आबा झोपतात. त्या घरात हेडफोन चैनीचा नाही. तो चालला तर तिचा अभ्यास होतो आणि आबांची झोपही.

"मामा, पुढून आवाजच येईना झालाय. मागून येतोय," ती म्हणाली. मागून लावायचं म्हणजे टेबलाखाली शिरून भिंतीला टेकलेला डबा पुढं ओढायचा. बरेच दिवस ती तेच करत होती. ताईचं म्हणणं, नवा हेडफोन घेऊन टाक. एका दुकानदारानं तर फोनवरच निदान केलं होतं, बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. न बघता, न उघडता 'बदला' म्हणण्याची मला मनापासून चीड आहे. क्लासच्या फीचे हप्ते मोजून भरणाऱ्या घराला बोर्डाची किंमत सांगण्याआधी निदान डबा उघडून तरी बघावा.

तरुणपणी नांदेडच्या वजिराबादेत मी रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात बसायचो. मुका ट्रान्झिस्टर समोर आला की उस्ताद व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरचं पातं टेकवायचे आणि पात्याला बोट लावायचे. स्पीकरमधून भर्र असा आवाज आला, तर तिथून स्पीकरपर्यंत सगळं ठीक. दोष अलीकडं, अँटेनाच्या बाजूला. नाही आला, तर पलीकडं. एका स्पर्शात अर्धा रेडिओ तपासातून बाद. मग उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. आधी डाग द्यायची गन तापवणाऱ्या पोरावर ते फार चिडायचे.

लातूरची मुलं हे बाद करणं वेगळ्या रूपात रोज करतात. नीटच्या पेपरात १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. चुकीचा पर्याय खोडत खोडत बरोबरपर्यंत पोचायचं. भाची त्यात तरबेज आहे. पण बिघडलेल्या वस्तूपुढं पर्याय छापून येत नाहीत, ते आपले आपण मांडावे लागतात, आणि ही सवय कोणताच क्लास लावत नाही. म्हणून मी तिलाच वही घ्यायला सांगितली. तिनं लिहिलं: हेडफोन, जॅक, आतली वायर, बोर्डावरच्या पिना, साउंडची चिप, ड्रायव्हर, विंडोजची सेटिंग. हेडफोन मोबाइलला लावला, वाजला. खोडा. मागच्या जॅकला लावला, वाजला. चिप आणि ड्रायव्हरवरही जवळजवळ काट. बोर्ड गेला असता तर मागूनही आवाज आला नसता, हे तिचं तिलाच दिसलं.

मग म्हटलं, पुढं पिन घालताना कानाकडं नको, पडद्याकडं बघ. मागं पिन घातली की कोपऱ्यात छोटी खिडकी उघडायची, काहीतरी जोडलंय असं सांगणारी. पुढं घातली तर काहीच नाही. खरा सुगावा हा. आवाज पोचत नाही ही एक गोष्ट; कुणी ऐकायला आलंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, ही अगदी निराळी.

इंटेलनं १९९७ मध्ये कॉम्प्युटरच्या आवाजासाठी एसी-९७ नावाचं मानक आणलं आणि २००४ मध्ये त्याच्या जागी एचडी ऑडिओ. जुन्या पद्धतीत मागच्या स्पीकरकडं जाणारा आवाजच पुढच्या जॅकमधून फिरवून आणायचे. पिन आत गेली की ती वाट तुटायची आणि स्पीकर गप्प व्हायचे. नव्या पद्धतीत जॅकमध्ये आवाजापासून वेगळा, एक चिमुकला स्विच असतो. पिन आत गेली की तो जुळतो आणि सेन्सच्या तारेवर एक रेझिस्टर जोडला जातो. एका तारेवर असे चार जॅक असू शकतात आणि त्यांचे रेझिस्टर असतात ५.१, १०, २० आणि ३९.२ किलो-ओहमचे, प्रत्येक आधीच्याच्या जवळपास दुप्पट. एक, दोन, चार, आठ किलोची वजनं कुणी झाकून पारड्यात ठेवली तरी एकूण भारावरून कोणकोणती ठेवली ते बिनचूक सांगता येतं. चिपचा हिशेब तसाच चालतो. त्या तारेतून आवाजाचा कणही जात नाही. ती फक्त वर्दी देते. पण वर्दी आल्याशिवाय चिप पुढच्या दारी आवाज पाठवतच नाही.

मेन स्विच बंद करून, वायर काढून डबा उघडला. बोर्डाच्या खालच्या, मागच्या कोपऱ्यात पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यातली आठवी पिन मुद्दाम गाळलेली. जवळच यूएसबीची तशीच जागा असते, पण तिथं गाळलेली पिन टोकाची. जबरदस्तीनं एकाचं डोकं दुसऱ्यात बसवलं तर पाच व्होल्ट भलतीकडं जातात. भाचीनं जागा बरोबर ओळखली होती. घोळ कॅबिनेटच्या वायरीत होता. तिला दोन डोकी होती, एकावर एसी-९७, दुसऱ्यावर एचडी ऑडिओ. आकार सारखाच, दोन्ही बसतात. बसलेलं होतं ते एसी-९७चं, आणि त्यात सेन्सच्या तारा नसतातच.

ह्यावर एक पळवाट आहे आणि पुष्कळ जण तीच सुचवतात: ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढच्या जॅकची ओळख पटवणंच बंद करून टाकायचं. मग पुढून आवाज येतो. पण पिन घातल्यावर मागचे स्पीकर गप्प होतील ह्याची खात्री राहत नाही. रात्री अकराला आबांच्या उशाशी रसायनशास्त्र सुरू झालेलं मला नको होतं. डोकं बदललं, डबा चालू केला, पुढं पिन घातली. कोपऱ्यात खिडकी उघडली.

भाचीनं लगेच लेक्चर लावलं. सुरुवातीचं संगीत आलं, जरा पोकळ, पण आलं. नंतर सर पडद्यावर दिसू लागले, हात हलतोय, ओठ हलतायत, आणि कानात जवळपास शांतता. "मामा, गाणं येतंय अन् सरच मुके झालेत," ती म्हणाली. एका दोषाच्या आड दुसरा दोष बसला होता, आणि पहिला दूर झाल्यावरच तो पुढं आला.

दुरुस्तीच्या धंद्यातलं मला सगळ्यात आवडणारं लक्षण हे. हेडफोनच्या पिनेवर डाव्या कानाचा एक भाग, उजव्याचा एक, आणि दोघांचा मिळून परतीचा एक. डावीकडून आणि उजवीकडून आलेला प्रवाह त्या एकाच परतीच्या वाटेनं घरी जातो. ती वाट तुटली की दोन्ही कान एकामागं एक जोडल्यासारखे होतात आणि ऐकू येतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. संगीत दोन्ही बाजूंना थोडं वेगवेगळं असतं, म्हणून त्यातलं काहीतरी उरतं. सरांचा आवाज एकाच माइकवर घेतलेला, दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखा. सारख्यातून सारखं वजा झालं, शून्य. फिजिक्समध्ये ती हे शिकलेली होती. तिनं चिन्हं घालून वहीत मांडलं आणि उत्तर शून्य आल्यावर ती टेबलावर हात आपटून हसली.

कॅबिनेटचं पुढचं प्लास्टिक काढलं. जॅकच्या पट्टीवर, ग्राउंडच्या पायाभोवती, कथलाच्या डागात गोल भेग गेलेली. भिंगातून बघितलं तर काळी रेघ, साध्या डोळ्यांना काहीच नाही. पिन तिरकी दाबली की भेग मिटायची आणि क्षणभर सरांना वाचा फुटायची. राळ लावली, गन टेकवली, जुनं कथील वितळून चमकलं, वर नव्याचा थेंब सोडला. मीटरनं शिट्टी दिली.

त्या दिवशी मला एक गोष्ट फार जाणवली. आवाज वाहून नेणाऱ्या दोन्ही तारा पहिल्यापासून शाबूत होत्या. बंद पडल्या होत्या त्या वर्दी देणारी आणि परत आणणारी, ज्यांच्याकडं कुणी बघत नाही त्या. निकालानंतर लातूरच्या चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागतात, ते लागायलाच हवेत. पण तिथल्या ट्यूशनच्या भागात भाड्याच्या एकेका खोलीत गावाकडच्या किती आया नि आज्या राहतात! शेत, घर, गुरं दुसऱ्यावर सोपवून, लेकराच्या नि नातवाच्या डब्यासाठी पहाटे उठणाऱ्या. फोटोपर्यंत जाणारी वीज त्यांच्यातून परत वळते असं मला वाटतं, आणि त्यातली एखादी आजारी पडली की पोराचे मार्क का घसरले हे क्लासवाल्यांना कळत नाही.

तिसरी न बोलणारी तार अजून राहिली आहे. डबा उघडण्याआधीच ताई म्हणाली होती, "जपून, त्याला हात लावला की मुंग्या येतात." टेस्टर कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला टेकवला तर पेटला. पॉवर सप्लायच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल, दोन्हींकडून पत्र्याकडं एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोन्हींच्या मध्यावर, म्हणजे २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी, पण मुंग्या येण्यापुरता असतो, आणि हेडफोनमध्ये बारीक घूंऽऽ ऐकू येण्यापुरताही. पण आत कधी फेजची तार पत्र्याला टेकली, तर मग मुंग्यांवर भागणार नाही. भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोकं होती. स्क्रू काढून पाहिलं तर वरच्या, मोठ्या भोकामागं तारच नव्हती.

मराठवाड्यात हे किती घरांत असेल ह्या विचारानं मला खरंच काळजी वाटते. अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, ओल जाते आणि खड्डा असून नसल्यासारखा होतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात खड्ड्यात बादली ओता असं कुणाला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून खड्डा मोरीच्या सांडपाण्याच्या अंगाला घ्यावा, असं माझं मत आहे. तिथं निदान ओल टिकते.

ताईला मी तसं सांगून आलोय. नळी पुरेशी खोल जावी, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरावं, सॉकेटपर्यंतची हिरवी तार मधे कुठं न जोडता एकसंध यावी, आणि काम संपल्यावर फेज आणि अर्थ ह्यांच्यात शंभर वॅटचा जुना बल्ब वायरमननं स्वतः लावून दाखवावा. मंद पेटला तर खड्डा पुन्हा उकरायचा, पैसे नंतर. भाचीनं हे सगळं त्याच वहीत उतरवून घेतलंय, आणि वायरमन येईल त्या दिवशी आपण क्लासला जाणार नाही, हेही ताईला तोंडावर सांगून टाकलंय.