कोरपन्याची पहाट आणि पाच बसगाड्या

चंद्रपूरहून निघालेली गाडी भोयेगावजवळ वर्धा नदी ओलांडते, आणि प्रवाशाच्या ध्यानात येते की कोळशाचा मुलूख मागे पडून चुनखडीचा मुलूख सुरू झाला आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा ही नावे महाराष्ट्रात सिमेंटच्या पोत्यांमुळे ठाऊक झाली. पण त्या धुरांड्यांच्या पलीकडे काळ्या मातीत कापूस उभा असतो, आणि त्या कापसाच्या आधाराने व्यापार करणारी काही घरे तालुक्याच्या गावी, कोरपन्याला, पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे वणीचा कापूसबाजार; दुसऱ्या दिशेला आदिलाबाद. हा सगळा राजुऱ्याचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि आमच्या घरातली मारवाडी अशा चार भाषा एकाच ओट्यावर ऐकू येतात. माझे आजोळ इथले. मामाजींची पेढी आणि तिच्या मागे लागूनच घर.

लहानपणी सुट्टीत येत असू, तेव्हा रात्री गावाला एकच आवाज होता, शेवटच्या एस. टी. गाडीचा. ती स्थानकात शिरली की आजी दिवा मालवायची. आता रात्रभर सिमेंटचे ट्रक जातात, हिवाळ्यात कापसाच्या गाड्या जातात, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला आदिलाबादकडून जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या भजनांसह जातात. मोठ्या रस्त्यावरचे गाव म्हटले की हे आलेच. मात्र मला लिहायचे आहे ते रस्त्यावरच्या आवाजाविषयी नाही. आमच्याच घराने गल्लीत आणलेल्या आवाजाविषयी लिहायचे आहे.

मामाजी दरवर्षी पोष दशमीला, भगवान पार्श्वनाथांच्या जन्मकल्याणकाच्या दिवशी, भद्रावतीची यात्रा काढतात. (राजस्थानी पंचांगाची पौष वद्य दशमी म्हणजे आपल्या मराठी पंचांगातली मार्गशीर्ष वद्य दशमी, घरात दोन्ही दिनदर्शिका टांगलेल्या असल्याने दरवर्षी एक तरी पाहुणा महिनाभर उशिराची तारीख धरतो.) भांदक स्थानकावर उतरून केसरिया पार्श्वनाथांच्या मंदिराकडे जाणारे यात्रेकरू तुम्हांपैकी पुष्कळ असतील, सवड काढून विजासनची लेणी पाहिलेले मात्र थोडे. असो. यात्रा पूर्वी एका गाडीची होती. व्यवहार वाढला, सोयरीक वाढली, आसपासच्या गावांतली कुटुंबे येऊ लागली आणि एकीच्या पाच बसगाड्या झाल्या. निघायची वेळ पहाटे पाचची. म्हणजे चार वाजता पाचही गाड्या आमच्या अरुंद गल्लीत, एकीमागे एक, इंजिने चालू ठेवून उभ्या.

मागल्या वर्षीच्या त्या पहाटेचा मी साक्षीदार आहे. मागे घेताना होणारा टूं-टूं आवाज, कंडक्टरच्या थापा, ‘कोण राहिले, कोण राहिले’ अशी हाकाटी, चौथ्या गाडीला वळण मिळेना म्हणून पाचवीचा हॉर्न, आणि या सगळ्यावर वाजंत्री, कारण मंगल प्रस्थान बिनवाजंत्रीचे कसे करायचे? आम्ही सगळे प्रसन्न होतो. शेजारचे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मफलर गुंडाळून फाटकात उभे होते. मला वाटले, निरोप द्यायला आले आहेत.

त्यांच्या पत्नीला त्याआधी दोन महिने पक्षाघात झाला होता. रात्रभर तळमळून त्यांना साडेतीन-चारच्या सुमाराला डोळा लागे. दिवसाची सगळी झोप ती तेवढीच. हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ठाऊक होते. मामीजी स्वतः त्यांना पाहून आल्या होत्या. पण बसगाड्यांचा आणि त्या झोपेचा संबंध कुणी जोडला नव्हता. गुरुजी भांडले नाहीत. फक्त संध्याकाळी पेढीवर वर्तमानपत्र वाचायला यायचे ते थांबले.

या वर्षी मी संवत्सरीच्या नंतर आठ दिवसांनी गेलो तेव्हा मामाजी क्षमापनेच्या छापील पत्रांची यादी तपासत होते. पत्रे पुणे, सुरत, बेंगळुरूपर्यंत गेली होती. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, “भाच्या, भिंतीला भिंत लागून आहे, तिथे मिच्छा मि दुक्कडं गेलेच नाही रे.” आणि चपला घालून निघाले. मी मागे गेलो.

“बसा जी, शेठजी,” गुरुजी म्हणाले. चहा झाला. मामाजींनी हात जोडले. गुरुजींनी तो विषय वाऱ्यावर सोडायचा प्रयत्न केला, मग आतल्या खोलीकडे पाहून एवढेच म्हणाले, “तुमची यात्रा पुण्याची आहे, शेठजी. मी कोण अडवणारा? पण त्या दिवशी ती घाबरून उठली, आणि तिला बोलता येत नाही.”

परत येताना मामाजी बोलले नाहीत. रात्री मात्र त्यांनी वही काढली. पुढचे सारे मला सांगण्याजोगे वाटते, कारण मोठे कार्य काढणाऱ्या कुठल्याही घरासमोर हाच प्रश्न आहे.

पहिला विचार आला तो गाड्या कमी करण्याचा. मी थोडे भौतिकशास्त्र शिकलेलो. हिशेब मांडून दिला. ध्वनीचे माप डेसिबल हे आपल्या बेरजेने चालत नाही. एकीच्या जागी दोन बसगाड्या आल्या तर आवाज ३ डेसिबल वाढतो, दहा आल्या तर १०, आणि कानाला तो सुमारे दुप्पट भासतो. म्हणजे पाचांची एक केली तरी लाभ ७ डेसिबलचा. याउलट मोकळ्या जागेत अंतर दर वेळी दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खिडकीपासून १५ मीटरवर उभी राहणारी गाडी ४८० मीटरवर नेली तर अंतर पाच वेळा दुप्पट झाले. ३० डेसिबल वाचले. मामाजींनी आकडे पाहिले आणि व्यापाऱ्याच्या थाटात म्हणाले, “मग यात्रेकरू कशाला कमी करायचे? गाड्याच लांब न्या.”

अर्थात हिवाळ्याची पहाट हिशेबात थोडी खोट घालते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार असते, तेव्हा ध्वनी वर निसटून न जाता पुन्हा खाली वळतो आणि दूरवर पोचतो. म्हणूनच डिसेंबरात आदिलाबाद रस्त्यावरचा ट्रक अंगणात आल्यासारखा वाटतो. शिवाय हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या बसगाडीला निघण्यापूर्वी दाब भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावेच लागते. चालकाला ‘इंजिन बंद ठेव’ सांगून भागत नाही; ते काम गल्लीबाहेर उरकावे लागते.

कायदाही पाहिला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सकाळचे सहा, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल. त्या वेळेत वस्तीत, आणीबाणी सोडून, हॉर्नला मनाई आहे. विनाकारण हॉर्न वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड. आम्ही इतकी वर्षे बिनदिक्कत वाजवत आलो होतो, हे वाचून मामाजी जरा ओशाळले.

जागेसाठी आधी जिनिंगचे आवार सुचले. पण मार्गशीर्षात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग असते. शेवटी गावाबाहेरचे बाजाराचे मैदान ठरले, आणि पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज दिला. मोठ्या प्रमाणावर हेच चालते. आषाढीला पंढरपूरच्या कडेला एस. टी. तात्पुरती स्थानके उभारते. २०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थात बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेर थांबवून आत एस. टी.च्या गाड्यांनी भाविकांना नेले होते. लाखांच्या गर्दीला जे जमते ते अडीचशे माणसांना न जमायला काय झाले?

विरोध झाला तो घरातूनच. “पाहुण्यांना पहाटेच्या थंडीत पायी चालवायचे?” “दारात गाडी आली नाही तर यजमानपण कसले?” मोठ्या मामीजींनी तर वाजंत्रीवाचून प्रस्थान अपशकुनी ठरवले. मामाजींनी वाद घातला नाही. वाजंत्री भद्रावतीला, उजेडात वाजेल, एवढेच म्हणाले. सामान आदल्या संध्याकाळी छोट्या टेम्पोने मैदानावर गेले, प्रत्येक पिशवीला बसचा क्रमांक बांधून. वृद्धांसाठी दोन ऑटोरिक्षा ठरवल्या. हजेरी मैदानावर, हाक मारून नव्हे तर प्रत्येक गाडीच्या प्रमुखाने मोजून. चालकांची झोपायची सोयही मैदानाजवळच केली. आजवर ती कुणीच करत नसे, बिचारे गाडीतच कुडकुडत.

त्या पहाटे आम्ही घरातून निघालो तेव्हा दव पडत होते. सत्तर वर्षांच्या काकूंपासून कडेवरच्या नातवापर्यंत सगळे गल्लीतून चालले, मुले चपला हातात घेऊन. कुणी सांगितले नव्हते, त्यांना तो खेळ वाटला. गुरुजींच्या घरात दिवा नव्हता. सगळे नीट चालले असे मात्र नाही. मैदानावर तिसऱ्या गाडीच्या चालकाने सवयीने एक लांब हॉर्न दिलाच. मामाजी इतके दचकले की हातातली यादी चिखलात पडली. रिक्षा दोन कमी पडल्या, एक आजीबाई रुसून पायी आल्या, आणि निघायला वीस मिनिटे उशीर झाला. परतीला रात्रीचे साडेदहा वाजले. झोपलेली मुले खांद्यावर टाकून मैदानावरून घरापर्यंत चालताना पुष्कळांनी कुरकूर केली, त्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढीवर बसलो होतो. गुरुजी आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि वर्तमानपत्र उघडले. बऱ्याच वेळाने पान उलटताना त्यांनी विचारले, “काल यात्रा होती ना, शेठजी? मग गेला नाहीत?”

मामाजींनी गल्ल्याशेजारची प्रसादाची पुडी उचलून त्यांच्या हाती दिली.