लांडगा कुणाच्या गळ्यात?

परवा शनिवारी काही काम नव्हतं, म्हणून एक छोटासा प्रोग्राम लिहून सूर वाजवत बसलो. शुद्ध पंचम म्हणजे ३:२. असे बारा पंचम एकावर एक चढवले की बरोब्बर सात सप्तकं व्हायला हवीत. होत नाहीत! दीडचा बारावा घात १२९.७५ आणि दोनचा सातवा १२८. म्हटलं, बग आपलाच असणार. दोनदा कोड तपासला. बग नव्हता, गणितच तसं आहे.

हार्पसिकॉर्डला सप्तकात साधारण बाराच पट्ट्या. म्हणजे ही तफावत कुठेतरी खपवणं आलं. मीनटोन पद्धतीत सा-गच्या आठ जोड्या अगदी शुद्ध मिळाव्यात म्हणून अकरा पंचम जरा जरा उतरवायचे आणि सगळी भरपाई बाराव्याकडून करून घ्यायची. तो इतका बेसूर वाजतो की त्याचं नावच 'लांडगा'! वाजवणारे त्याच्या वाटेलाच जात नसत.

१६९१ साली वेर्कमाइस्टरनं ट्यूनिंगवर पुस्तक छापलं. त्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीत तफावत चार पंचमांत वाटलेली आहे, उरलेले आठ शुद्ध. लांडगा गायब! अशा ट्यूनिंगमुळे कुठलीही स्केल वाजवता येऊ लागली, प्रत्येकीचा रंग मात्र वेगळा. १७२२ मध्ये बाखनं चोवीसही मेजर-मायनर स्केल्समध्ये रचना लिहून काढल्या.

असो. मला शनिवारी काम का नव्हतं? कारण सहा महिने आमच्या टीमचा वीकेंड सपोर्ट एकच मुलगा करतोय. आम्ही बाकीचे मस्त सुरात!

तफावत आपल्या हातात नसते, वाटणी असते. सोमवारी रोस्टर बदलायला सांगतोय. पुढचा शनिवार माझा.