नळा विझलाय का, बघ जरा

पोस्ट मोठी आहे, पण दिवाळीला आठच दिवस उरलेत म्हणून आजच लिहितोय. फटाके उडवू नका असं सांगणारी ही पोस्ट नाही. त्या विषयावर आपण दर वर्षी भरपूर भांडतो आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंची पोरं अंगणात फटाके घेऊन उभीच असतात. मला बोलायचंय ते डोळ्यांबद्दल.

काल गावातल्या फटाक्यांच्या स्टॉलवर गेलो होतो. अकरा स्टॉल आहेत. अकराही ठिकाणी एकच प्रश्न विचारला, "फटाके उडवताना घालायचा गॉगल आहे का?" नऊ जणांनी नुसती मान हलवली. एकाने पोरांचा काळा, रंगीत दांडीचा गॉगल पुढे केला. अकरावा ओळखीचा निघाला. म्हणाला, "काय साहेब, बॉम्बशोधक पथकात भरती झालात काय?" आजूबाजूचे हसले, मीही हसलो. सात वर्षांपूर्वी कुणी मला हाच प्रश्न विचारला असता तर मीही असाच टोमणा मारला असता.

सात वर्षांपूर्वी धाकटी बहीण दिवाळीला माहेरी आली होती. भाचा नऊ वर्षांचा. लक्ष्मीपूजन झालं, सगळे अंगणात. पोरगं भुईनळे लावत होतं, उदबत्ती मीच पेटवून हातात दिली होती. अंगात नवा सिल्कचा झब्बा, पायात स्लिपर. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. एक नळा फुसफुसला आणि गप्प झाला. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं. मी म्हणालो, "विझलाय का, बघ जरा."

तो वाकला आणि नळा फुटला.

तो व्हिडिओ मी आजपर्यंत उघडलेला नाही, आणि काढूनही टाकलेला नाही.

त्यानंतर घरात जे झालं ते तुमच्या घरीही होईल म्हणून सांगतो. पोरगं डोळा चोळत होतं, कुणी चोळू नको म्हटलं नाही. कुणी गुलाबपाणी घातलं. मी रुमालाची घडी करून डोळ्यावर घट्ट बांधली. जिल्ह्याच्या गावी डोळ्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला रात्रीचा एक वाजला. त्यांनी आधी रुमाल सोडला आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?" फुटलेल्या डोळ्यावर दाब आला की आतलं बाहेर येऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. दोन ऑपरेशनं झाली. आज त्या डोळ्याला उजेड आहे की अंधार एवढंच कळतं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझीच बातमी होती, 'शहरात लक्ष्मीपूजन उत्साहात'. ती मी संध्याकाळी सात वाजताच पाठवून दिली होती. आमच्या घरची बातमी मी दिलीच नाही. घरातली म्हणून दिली नाही असं स्वतःला सांगत आलो. खरं कारण हेही होतं की पुरवणीत फटाकेवाल्यांच्या जाहिराती होत्या आणि त्या मीच गोळा केल्या होत्या.

नियमांचं म्हणाल तर नियम आहेत. २००८ च्या स्फोटक नियमांत तात्पुरत्या स्टॉलसाठी सगळं लिहिलंय. दोन स्टॉलमध्ये किमान ३ मीटर अंतर, वस्तीसारख्या संरक्षित बांधकामापासून ५० मीटर, स्टॉल समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त नकोत. आवाजाचंही ठरलंय. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज नको. हे सगळं हवंच. पण हे नियम दुकान जळू नये म्हणून आणि कान फुटू नये म्हणून आहेत. पिशवी घेऊन गिऱ्हाईक घरी निघालं की पुढचं सगळं देवावर आणि मामावर.

२०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात काय झालं ते आठवा. पीव्हीसी पाइपची 'कार्बाइड गन', दीडदोनशे रुपयांचं खेळणं. पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी, त्यातून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगी पडली की धडाका. बार झाला नाही की पोरं नळीत डोकावायची आणि त्याच क्षणी तो व्हायचा. भोपाळ आणि आसपासच्या भागात शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक मुलं. अनेकांची नजर गेली. वर पाण्यात कार्बाइड मिसळलं की चुना तयार होतो, तो डोळ्यात गेला की बुबुळ भाजतं. हेच पाइप आपल्याकडे माकडं आणि रानडुकरं हाकलायला शेतात वापरतात. घरात असेल तर तो पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आता गॉगलचं. स्टॉलवरून निघालो तो बसस्टँडजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ग्राइंडरवर काम करणारे घालतात तो पारदर्शक गॉगल मागितला. ऐंशी रुपये. पॉलिकार्बोनेटचा, बाजूनेही झाकणारा. पावसाळी चष्मा किंवा काळा गॉगल चालत नाही. काच फुटली तर तीच डोळ्यात जाते, आणि रात्री काळ्या गॉगलमधून वात कुठे पेटली तेही दिसत नाही. जो लावतो त्याने तर घालायचाच, शेजारी उभं राहणाऱ्यानेही घालायचा. फटाक्याने जखमी होणाऱ्यांत नुसते बघायला उभे असलेलेही खूप असतात.

बाकी सगळं घरातच आहे. अंगात सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे. सिल्क, नायलॉन, ओढणी नको, कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. पायात बूट, कारण विझलेली फुलबाजीची तारही बराच वेळ भाजते. जळती फुलबाजी हजार अंशांच्या आसपास तापते आणि आपण ती तीन वर्षांच्या पोरीच्या हातात देतो. लांब उदबत्ती, हात लांब, तोंड वळवलेलं. डबा, बाटली, करवंटी फटाक्यावर पालथी घालायची नाही, त्याचे तुकडे गोळीसारखे येतात. जवळ पाण्याची बादली.

आणि फुसका बार. तो मेला असं समजायचं नाही. पंधरावीस मिनिटं कुणी जवळ जायचं नाही, मग लांबूनच पाणी ओतायचं. पुन्हा वात लावायची नाही.

तरीही काही झालंच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, औषध घालायचं नाही. चहाचा कागदी कप डोळ्यावर अलगद ठेवून, हाडावर टेकवून चिकटपट्टी लावायची आणि थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे. कार्बाइड किंवा चुना गेला असेल तर मात्र लगेच स्वच्छ पाण्याने पंधरावीस मिनिटं डोळा धूत राहायचं, मग निघायचं. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही.

कुणी म्हणेल, सणात गॉगल घालून काय मजा? दहीहंडीत वरच्या थरातल्या पोराला हेल्मेट घालायचं म्हटलं तेव्हाही लोक असंच हसले होते. आता हेल्मेट नसेल तर आयोजकालाच विचारतात.

नगरपालिकेकडे माझी एकच मागणी आहे, आणि ती मी काल लेखी दिली आहे. स्टॉलला परवानगी देताना प्रत्येक स्टॉलवर पारदर्शक गॉगल विक्रीला ठेवायची अट घाला. खर्च पालिकेचा नाही, दुकानदाराचाही नाही, गिऱ्हाईक घेईल. हजाराचे फटाके घेणाऱ्याला ऐंशी रुपये जड नाहीत. तो अकरावा स्टॉलवाला जाताना म्हणाला, "साहेब, होलसेलचा पत्ता द्या, मी ठेवतो." त्याचे आभार. बाकी दहा जणही हे वाचतात, मला माहीत आहे.

भाचा आता सोळाचा आहे. पोलीस भरतीची जाहिरात आली की पेपरचं पान उलटतो. बहीण दर वर्षी भाऊबीजेला येते, ओवाळते, त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलत नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

काल मी आठ गॉगल आणले. रात्री फोनवर भाच्याला सांगितलं, तर म्हणाला, "मामा, माझाही आणलास ना? आता एकच आहे, तो जपायला पाहिजे."

आणलाय, बाळा. सगळ्यात आधी तुझाच घेतला.