मारीचाची हाक

॥ श्री ॥

पुणे, चैत्र शुद्ध दशमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. तुझ्या आईला ते वाचून दाखविताना मी त्यातला एक परिच्छेद गाळला. का गाळला, हे तुला सांगावे लागू नये. सात हजार फुटांहून उंच असलेल्या त्या वायोमिंगमधल्या लॅरमीच्या पठारावर, जेथे आमच्याकडे मोगरा फुलतो तेव्हाही हिम पडते, तू प्रकृती सांभाळून आहेस आणि विद्यापीठातले काम मनासारखे चालले आहे, हे वाचून जो आनंद झाला तो त्या परिच्छेदाने पार झाकोळून टाकला. शेजारच्या मेंढपाळ गृहस्थांची कोकरे कायोटी, ते तिकडचे लांडग्याचे लहान भाऊबंद, नेतात, म्हणून तू धनुष्य घेऊन त्यांच्या कुरणावर जाणार. मरणाऱ्या सशाच्या किंचाळण्यासारखा आवाज काढणारे यंत्र झुडपात ठेवणार. आणि सशाने काम न भागल्यास कायोटीच्याच पिलाच्या विव्हळण्याचा आवाज लावणार! आणि एवढे सगळे लिहून मला विचारतोस काय, तर वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बसावे!

विचारलेस त्याचे उत्तर आधी देतो, कारण प्रश्न अनुत्तरित ठेवण्याचा आपल्या घराण्याचा शिरस्ता नाही. कायोटी आवाजाच्या दिशेने येतो खरा, पण सरळ येत नाही. वळसा घालून तो आवाजाच्या वाऱ्याखालच्या अंगाला जातो आणि कानाने जे ऐकले त्याची खातरजमा नाकाने करून घेतो. म्हणून धनुर्धराने यंत्रापाशी न बसता वारा आडवा घेऊन, त्याच्या वळशाची वाट आपल्या समोरून जाईल असे बसावे, आणि त्याचे डोके झुडपाआड गेले की त्याच क्षणी प्रत्यंचा ओढावी, कारण ती हालचाल त्याला दिसली तर पुढचे सर्व व्यर्थ होय.

परंतु चाळीस यार्डांवरून बाण सोडण्याचे जे तू लिहिले आहेस, ते वाचून माझा जीव कासावीस झाला. त्या कप्प्यांच्या नव्या धनुष्याचा, १९६९ साली मिसुरीतल्या ॲलन नावाच्या गृहस्थांना ज्याचे पेटंट मिळाले त्या यंत्राचा, बाण सेकंदाला सुमारे २८० फूट जातो असे धरले तर चाळीस यार्डांना त्याला ०.४३ सेकंद लागतात. ध्वनी मात्र अकराशे फुटांच्या वेगाने ०.११ सेकंदात तेथे पोहोचतो. म्हणजे प्रत्यंचेचा टणत्कार कानी पडल्यापासून बाण पोहोचेपर्यंत त्या प्राण्याला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मिळतो, आणि तेवढ्यात तो दचकून, वळून जातो; जो बाण फुप्फुसात शिरायचा तो पोटात शिरतो. बाण गोळीसारखा आघाताने मारीत नाही, तो रक्तस्रावाने मारतो, हे मी तुला धनुर्विद्येच्या पहिल्या दिवशीच सांगितले होते. कायोटीचे वजन दहा-पंधरा किलो, त्याचे मर्मस्थान तळहातापेक्षा फारसे मोठे नाही, आणि अंगावरची दाट लव रक्त शोषून घेते. मग मागावर रक्ताचा थेंब सापडेल कोठून? वीस यार्डांपलीकडे बाण सोडू नकोस, आणि सोडलास तर प्राणी पडलेला डोळ्यांनी पाहिल्याविना, रात्र झाली तरी, घरी परतू नकोस.

तेथे परवान्यापरवानगीची फारशी अडचण नाही, असे तू जणू सोयीची गोष्ट म्हणून लिहिले आहेस. वायोमिंगच्या कायद्याने कायोटीला उपद्रवी हिंस्र जनावरांच्या वर्गात टाकले आहे. त्याला ना ऋतूचे संरक्षण, ना संख्येची मर्यादा. मी वनखात्यात आयुष्य घालविले; जेथे जाब विचारणारे दप्तरच नाही, तेथे माणसाचा हात किती लवकर सैल होतो हे मी पाहिले आहे. अमेरिकन सरकारने या जातीविरुद्धच्या मोहिमेला १९३१ साली खास कायद्याचे बळ दिले. स्ट्रिक्नीन झाले, थॅलियम झाले, पुढे सोडियम फ्लुओरोॲसिटेट आले, आणि १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांना सरकारी जमिनीवर असली विषे वापरण्यास हुकमानेच मनाई करावी लागली. आजही तिथले सरकारी खाते वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. परिणाम काय? जो प्राणी एके काळी मुख्यत्वे पश्चिमेकडच्या माळरानांचा रहिवासी होता, तो आज अलास्कापासून पनामापर्यंत आहे. लांडगा नाहीसा केल्यामुळे त्याला मोकळा मुलूख मिळाला, हे एक कारण. आणि जेथे मारहाण जास्त तेथे उरलेल्या माद्या अधिक पिले देतात, हे नोल्टन नावाच्या अभ्यासकांनी टेक्ससमध्ये दाखवून दिलेले दुसरे. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत लांडग्यावर सरकारी बक्षिसे लागली आणि आपला लांडगा विरळ झाला. तिकडे कायोटी त्याच उपायाने वाढला. ॲडॉल्फ म्यूरी नावाच्या अभ्यासकांनी यलोस्टोनमधल्या कायोटींच्या आहाराचा हिशोब १९४० साली प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक भक्ष्य उंदीर आणि गोफर निघाले. यलोस्टोन बहुतांशी तुझ्याच राज्यात आहे. तो अहवाल ग्रंथालयातून अवश्य काढून वाच.

हे सारे तुला विद्यापीठात कोणीही सांगेल. मला जे सांगायचे आहे ते निराळे आहे, आणि ते लिहिताना माझा हात थोडा कापतो आहे.

काल रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी उत्तररंगात मारीचाचे आख्यान लावले होते. रामाचा बाण लागल्यावर त्या मायावी मृगाने मरता मरता हुबेहूब रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली. त्या हाकेने सीता व्याकुळ झाली, लक्ष्मण नाइलाजाने धावला, आणि पुढचे सारे घडले. लहानपणापासून ऐकलेली कथा, पण तुझे पत्र खिशात असताना ऐकली तेव्हा वाटले, रावणाने केलेल्या सीताहरणाहूनही मारीचाची ती हाक अधिक पापी होती. हरण दाखवून त्याने लोभाला फसविले. हाक मारून त्याने करुणेला फसविले. आणि करुणेला फसविण्याइतके नीच कृत्य, बाळ, माझ्या मते या सृष्टीत दुसरे नाही. आक्रोश ही सर्व सजीवांची एकमेव सामाईक संपत्ती आहे. ते नाणे एकदा खोटे पाडायला लागलो, की बाजारात कोणीच कोणाचे नाणे घेणार नाही.

हा माझ्या म्हातारपणाचा हट्ट आहे असे म्हणू नकोस. आमच्या आळीतल्या एका वृद्ध बाईंना मध्यरात्री दूरध्वनी आला: परदेशी असलेल्या मुलाचाच आवाज, रडका, अपघात झाला, पैसे पाठव म्हणणारा. यंत्राने बनविलेला तो आवाज होता हे दुसऱ्या दिवशी कळले. आता खरा मुलगा बोलू लागला तरी ती माउली आधी त्याला आजोळच्या गावाचे नाव विचारते, आणि त्याने ते बरोबर सांगितले तरी तिची छाती धडधडतच राहते. कायोटींचेही तसेच होते. एकदा खोट्या किंकाळीवर येऊन निसटलेला कायोटी पुन्हा तसल्या आवाजाला सहसा येत नाही, हा तुझ्याकडच्या शिकाऱ्यांचाच अनुभव आहे आणि ते त्याची तक्रार करतात. मला मात्र त्या प्राण्याची कीव येते.

सशाच्या आवाजाला कायोटी भुकेने येतो. तेथे निदान फसवणूक भुकेची आहे. पिलाच्या विव्हळण्याला तो कशाने येतो? एप्रिल-मे हे त्यांच्या विणीचे दिवस. नर-मादी जोडीने राहतात, बाप बिळापाशी अन्न आणून टाकतो. शिकागोच्या परिसरातल्या २३६ कायोटींची आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा १८ वेतांपैकी एकातही जोडीबाहेरच्या नराचे पिलू आढळले नाही. असा प्राणी आपले पिलू संकटात आहे असे समजून उघड्यावर धावत येणार, आणि तू झुडपाआड प्रत्यंचा ओढून बसणार! आपला कुत्रा काळ्या विहिरीत पडून विव्हळला त्या रात्री अनवाणी, काट्यांतून, कोणालाही न उठविता जो धावला तो तूच ना? तुझ्या पायातले काटे मी काढले आहेत. त्या मुलाने हे यंत्र विकत घ्यावे, हे माझ्या बुद्धीला उलगडत नाही.

मेंढपाळाचे दुःख मला कळत नाही असे समजू नकोस. आपल्या धनगराचे एक कोकरू गेले तर त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटत नसे, हे मी पाहिले आहे. पण उपाय नेमका हवा. कोकरांवर घाला घालणारी बहुधा पिले असलेली जोडी असते, कारण त्या तोंडांना चारा हवा असतो. युटामध्ये अशा जोड्यांची नसबंदी करून पाहिली, तर जोडी आपला मुलूख राखून राहिली आणि कोकरे कमी मारली गेली. ती जोडी सावध असते. यंत्रातल्या सशाच्या हाकेला येईल तो बहुतेक कोणी भटका तरुण, ज्याने त्या कळपाला तोंडही लावलेले नसेल. निरपराध्याला मारून गुन्हेगाराचा बंदोबस्त कधी झाला आहे? त्या गृहस्थांना म्हणावे, पिरेनीज किंवा अकबाश जातीचे राखणदार कुत्रे लहानपणापासून मेंढ्यांत वाढवा, व्यायच्या मेंढ्या रात्री आवारात घ्या, मेलेली कोकरे कुरणावर टाकून ठेवू नका.

आणि इतके करूनही बाण सोडावाच लागला, तर यंत्र घरी ठेव. कुंपणाखाली ज्या ठिकाणी माती उकरून त्याने ये-जा चालविली आहे ती वाट शोध, तारेला अडकलेले केस पाहा, आणि वारा राखून तेथेच बस. त्या वाटेने जो येईल तो कोकरासाठीच येईल, कोणी बोलाविले म्हणून नव्हे. चार पहाटा निष्फळ जातील, थंडीने बोटे बधिर होतील, जाऊ देत. तांबडे फुटताना बसावे, तिन्हीसांजेला नको, कारण पडलेला प्राणी शोधायला उजेड हाताशी असला पाहिजे.

आणखी एक भीती लिहितो, ती तुझ्या आईला कळवू नकोस. पानाफुलांच्या नक्षीचे कपडे घालून झुडपात लपलेला माणूस आणि त्याच्यापाशी ओरडणारा ससा, हे दुसऱ्या एखाद्या बंदूकधाऱ्याने दुरून ऐकले तर? त्या माळावर तू एकटाच शिकारी नाहीस. येता-जाता नारिंगी टोपी घालीत जा, आणि कोणत्या कुरणावर आहेस हे त्या गृहस्थांना सांगितल्याविना पाऊल टाकू नकोस. जखमी कायोटीला हात लावू नकोस. त्याला अलर्क, म्हणजे पिसाळरोग, असू शकतो, आणि त्याचा दंश झाल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

त्यांच्याकडे मेंढ्या किती आहेत, कुंपण तारेचे की जाळीचे, आणि कोकरे रात्री जातात की पहाटे, हे उलट टपाली कळव. त्याशिवाय मला काही नीट सांगता यायचे नाही.

तुझा,
मामा