सातव्यातली

आमच्या बोनकोड्यात माझ्या आत्याला सगळे 'सातव्यातली' म्हणत. सातव्या महिन्यात झालेली म्हणून. तिचा जन्म खाडीवर वाशीचा पूल व्हायच्या, म्हणजे १९७३च्या, कितीतरी आधीचा. मोठा दवाखाना ठाण्याला, नाहीतर खाडीपलीकडे मुंबईत. भातखाचरांच्या बांधावरून मूठभर पोर न्यायचं तरी कसं? सुईणीने तिला पिंजलेल्या कापसात गुंडाळलं, खाटेखाली शेगडी सरकवली आणि आजीला बजावलं, "उराशी धर गो तिला, खाली ठेवू नको." ओढून प्यायची ताकद नव्हती, आजी वाटीत दूध पिळून बोळ्याने थेंब थेंब ओठांवर सोडायची. आजी दमली की आळीतल्या बायका पाळीपाळीने तिला पदराआड छातीशी घेऊन बसायच्या. आत्या जगली.

तिच्या पाठचा भाऊ आठव्यात झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. "आठव्यातलं जगत नाही," एवढं म्हणून सगळे गप्प झाले. त्याचं कण्हणं आजीच्या कानांतून शेवटपर्यंत गेलं नाही.

ते कण्हणं कशाचं असावं, ते मला गेल्या वर्षी कळलं. माझी नात तिसाव्या आठवड्यात झाली, १२०० ग्रॅमची. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, एनआयसीयू, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. कच्च्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट पुरेसं नसतं, श्वास सोडला की आतले फुगे मिटतात, मग बाळ कण्हतं, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरून ते देऊन बाळं वाचतात हे जपानच्या फुजिवारांनी १९८० साली दाखवलं. आणि आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा उलट जास्त पिकलेलं असतं! साठ वर्षं आमच्या घराने ते मरण नशिबावर घातलं होतं.

नातीच्या तळपायाला लाल दिव्याची पट्टी, नाकात नळ्या. दर दोन तासांनी दोन मिली दूध, नळीने. सुनेला पान्हा फुटेपर्यंत ते दुसऱ्या आयांचं होतं, दूध पेढीतलं. आशियातली पहिली अशी पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये सायन हॉस्पिटलात सुरू केली, हे ऐकून मी मनोमन हात जोडले. पण आळी मात्र तिथे नव्हती. आत फक्त आईबाप. बाकी आम्ही बाकड्यावर, मोबाइलकडे बघत. ते मला फार लागलं.

दहाव्या दिवशी सिस्टरने माझ्या मुलाला शर्टाची बटणं काढायला लावली आणि नळ्यांसकट पोर त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. कांगारू केअर. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ८९चा ९५ झाला.

काचेबाहेर आत्या उभी होती. बाहेर आलेल्या सिस्टरला तिने विचारलं, "खाली नाय ना ठेवत तिला?"