नायगांवच्या मयूरारण्यांत

अरण्यांत जाऊन राहावें अशी इच्छा आम्हांस उतारवयांत झाली, तिला कारण आमच्या भाच्याचें एक पत्र. तो गेलीं कित्येक वर्षें कॅनडांत असतो. पॅसिफिक महासागराच्या कांठीं जें समशीतोष्ण पर्जन्यारण्य आहे, त्यांतील एका आडबाजूच्या लांकडी निवासगृहांत तो सहकुटुंब आठ दिवस राहून आला. तेथें वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हजार हजार वर्षांचे सीडर वृक्ष उभे आहेत, त्यांच्या फांद्यांवरून शेवाळ दाढीसारखें लोंबतें आणि पायाखालची भूमि गादीसारखी दबते, असें वर्णन करून शेवटीं त्यानें लिहिलें होतें, ‘मामा, तुमच्या बीड जिल्ह्यांत रान म्हणून नाहींच, तेव्हां एकदां इकडे याच.’

आम्हांस हंसूं आलें व थोडा रागही आला. सहासातशे मिलिमीटर पावसाच्या आमच्या जिल्ह्यांत तसलें अरण्य कोठून असणार? पण रानच नाहीं, हें मात्र खरें नव्हे. पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें मोरांचें अभयारण्य आहे. तें १९९४ सालीं जाहीर झालें. क्षेत्र सुमारें तीस चौरस किलोमीटर. आमचा एक जुना विद्यार्थी त्याच्या सीमेलगत एका वस्तीवर शेती करून राहतो. त्याचें बोलावणें फार दिवसांचें होतें. ज्येष्ठ महिन्यांत, मृग लागण्याच्या चार दिवस आधीं, आम्ही उभयतां आष्टीहून जामखेडमार्गें निघालों.

वाटेंत सौताड्यास उतरलों. येथें विंचरणा नदी कड्यावरून खोल दरींत उडी घेते आणि खालीं रामेश्वराचें देऊळ आहे. त्या दिवशीं उडी घेण्यास नदींत पाणीच नव्हतें. काळ्या कातळावर नुसती ओल दिसत होती. पायऱ्या उतरतांना गुडघे कुरकुरले, परंतु दर्शन स्वस्थपणें झालें. या पठाराचा नकाशा आम्ही भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढीत असूं. विंचरणा सीनेस, सीना भीमेस आणि भीमा कृष्णेस मिळते. उलट याच तालुक्यांत गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा ७२४ किलोमीटर चालून गोदावरीस जाते; सिंदफणाही येथलीच व तीही गोदावरीचीच. म्हणजे या माळावर शेजारीं शेजारीं पडलेल्या दोन थेंबांपैकीं एक कृष्णेचा व दुसरा गोदेचा होऊं शकतो. मुलांना हें फार आवडे. इतक्या नद्यांचें हें माहेर, आणि येथें पिण्याचें पाणी टँकरनें येतें, ही गोष्ट मात्र आम्ही कधीं फळ्यावर काढली नाहीं.

वस्ती म्हणजे तीन घरें. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, अंगणांत एक जुना निंब. आमच्यासाठीं पडवी सारवून दोन बाजा टाकल्या होत्या. घराच्या मागें ओढा आणि ओढ्यापलीकडे रान. तें पाहून भाचा हंसला असता, कारण त्यांत उंच असें झाडच विरळा. धावडा, खैर, हिवर, बोर, पळस. बहुतेक निष्पर्ण, कांटेरी व धुळीच्या रंगाचीं. सीताफळीस तेवढी कोंवळी पालवी फुटली होती. बीडच्या या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. रानांत तें कोणी लावीत नाहीं, आपलें आपण येतें.

पहिल्याच पहाटे मोरांनीं आम्हांस उठविलें. संगीतशास्त्रकारांनीं षड्ज हा स्वर मोराचा मानला आहे, व तसें आम्ही पुष्कळ वर्षें वर्गांत सांगितलेंही. परंतु उशापासून पन्नास पावलांवर ती केका ऐकली, तेव्हां शास्त्रकारांनीं ती बरीच दुरून ऐकली असावी असें वाटलें! तासाभरानें ओढ्याकांठीं एक मोर पिसारा फुलवून उभा दिसला. दोन लांडोरी त्याच्याकडे लक्ष न देतां माती टोंचीत होत्या. मोराची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळें एक गोष्ट नीट पाहतां आली. पिसारा म्हणजे मोराचें शेपूट नव्हे. शेपटीच्या वरचीं पिसें लांब वाढून पिसारा होतो. खरें शेपूट आंखूड व मळकट रंगाचें, तें मागून टेकू देतें. नाचाची समोरची शोभा चित्रांत असतेच. तो टेकू आम्हीं येथेंच प्रथम पाहिला.

यजमानाचें मोरांविषयींचें मत इतकें काव्यमय नव्हतें. मोर पेरलेलें दाणे उकरून खातो. पण १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आणि १९७२ च्या कायद्यानें त्यास पूर्ण संरक्षण. ‘‘गुरुजी, पक्षी सरकारचा अन् बियाणं माझं,’’ तो हंसून म्हणाला. ‘‘पण किडे अन् सापाची पिल्लंबी तोच खातो की. चार काकऱ्या त्याच्या म्हणून धरायच्या.’’

आतां जें सांगावयाचें तें आम्हांस थोडें जड जातें. सूर्योदयापूर्वीं स्नान करून संध्येस बसावयाचें, हा आमचा आयुष्याचा नेम. दोन्ही दिवस पहाटे यजमानाच्या सुनेनें न्हाणींत दोन घागरी भरून ठेविल्या आणि आम्हीं त्या निःशंकपणें अंगावर रिकाम्या केल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं सौभाग्यवती जवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, तें पाणी कोठलें, ठाऊक आहे का?’’ टँकर चौथ्या दिवशीं येतो. मधल्या दिवसांत ती मुलगी ओढ्याच्या खालच्या अंगास असलेल्या विहिरीवर जाते, आणि तेथें घागर भरण्यास अर्धा तास बसावें लागतें. परसांत निंबाच्या सावलींत एक दगडी डोणी होती. ती रोज मोरांसाठीं भरली जाई. आम्ही आल्यापासून ती कोरडी होती. पहाटे इतक्या जवळ येऊन ते पक्षी कां ओरडत होते, याचा विचार आम्हीं षड्जाची परीक्षा करतांना केला नव्हता.

शास्त्रानें सात प्रकारचीं स्नानें सांगितलीं आहेत. पाण्याचें तें वारुण, भस्माचें आग्नेय, गाईंच्या पायधुळीचें वायव्य, ऊन असतां पडणाऱ्या पावसाचें दिव्य. आणि नुसतें मंत्राचेंही एक आहे. हें सर्व आम्हांस मुखोद्गत होतें. उपयोग प्रथमच केला. तिसऱ्या पहाटे मंत्रस्नान करून आम्हीं एक घागर डोणींत ओतली व दुसरी स्वयंपाकघरांत नेऊन ठेवली. यजमान ओशाळला. ‘‘पाव्हण्यानं बिनाअंघोळीचं ऱ्हावं व्हय गुरुजी? लोक काय म्हनतील?’’ आम्ही म्हणालों, ‘‘तूं परीक्षेस न शिकतां बसत होतास, तेव्हां लोकांची काळजी केली नाहींस; आतांही करूं नकोस.’’ सायंकाळीं चार लांडोरी व एक मोर डोणीवर आलीं. एक घोंट घ्यावयाचा, मान वर करून इकडेतिकडे पाहावयाचें, मग दुसरा. आम्ही पडवींतून हललों नाहीं. दक्षिणेकडे विजा लवत होत्या, पण पाऊस आला नाहीं.

निघतांना अंगणांत पोहे झाले. दिवाळी आटोपली कीं यजमान, मुलगा व सून ऊसतोडीस जाणार. कोयत्याची उचल आधींच घेतलेली होती. फाल्गुन-चैत्रापर्यंत घर बंद. ‘‘मग डोणी कोण भरतें?’’ आम्हीं विचारलें.

‘‘आई हाय की,’’ तो म्हणाला. ‘‘ती आता येत न्हाई फडावर. रोज दोन घागरी आनती. एक तिची, एक त्यांची.’’

म्हातारी उंबऱ्याशीं बसून तांदूळ निवडीत होती. तिनें मान वर केली नाहीं.