टेम्पो, बिस्मार्क आणि दोन बोटं

चाकणमध्ये जर्मनी म्हटलं की लोक फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचं नाव घेतात. जुनी माणसं आकुर्डीच्या बजाज टेम्पोपर्यंत मागे जातात. आपण सर्रास वापरतो तो 'टेम्पो' शब्दसुद्धा हॅम्बुर्गच्या कंपनीच्या तीनचाकीवरून आलाय. माझ्या डोक्यात मात्र आठवडाभर बिस्मार्क बसलाय.

कारण आमच्या शेजारच्या खोलीतला पोरगा. लातूरकडचा, वय बावीस. महाळुंगेत एका ठेकेदाराकडे पॉवर प्रेसवर लागला होता. नवव्या दिवशी दोन बोटं गेली. ठेकेदाराने खासगी दवाखान्यात नेलं आणि सांगितलं, "घरी लागलं म्हण. तुझं इएसआय अजून काढलेलं नाही." पोरगा मला विचारतो, "काका, तसं म्हटलं तर कामावर ठेवतील ना?"

आता बिस्मार्क. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभं करणारा हा माणूस काही कामगारांचा कैवारी नव्हता. १८७८ मध्ये त्याने समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी आणली. कामगार तरीही तिकडे झुकतील या धास्तीने १८८३ ला आजारपणाचा विमा आणला, १८८४ ला अपघाताचा, १८८९ ला म्हातारपणाचा. हेतू राजकारणाचाच, असो. पण अपघात विम्याचा हप्ता मालकांनी भरायचा होता, आणि चूक मालकाची होती हे कामगाराने कोर्टात सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

साम्राज्य १९१८ ला बुडालं. विमा टिकला आणि देशोदेशी पसरला. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालानंतर त्याच वळणाचा १९४८ चा इएसआय कायदा झाला. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५.

आणि हे नीट वाचा: कामावरच्या अपघातासाठी आधी अमुक महिने हप्ता भरलेला हवा, अशी अट नाही. कामाला लागल्या दिवसापासून हक्क आहे. नोंदणी केली नाही हा मालकाचा दोष, त्याने कामगाराचा हक्क जात नाही. बोटं गेल्याने कमाईची ताकद जितकी घटली, त्या हिशोबाने दरमहा पैसे मिळतात.

काल त्याला घेऊन इएसआयच्या ऑफिसात गेलो. गेटपासचा फोटो मोबाईलमध्ये होता, तोच पुरावा म्हणून जोडला. ठेकेदाराचे सहा फोन येऊन गेलेत.

तुमच्या घरातलं कुणी ठेक्यावर असेल तर आज रात्री त्याचा दहा आकडी इएसआय नंबर विचारा. नसेल तर मला मेसेज करा, अर्ज कुठे द्यायचा ते सांगतो.